कडक टायर

बाबा, तुमच्या कानाचं कौतुक अजून संपलेलं नाही. परवा हैदराबादकडे निघालेला एक म्हातारा ड्रायव्हर दुकानासमोर ट्रक लावून खाली उतरला, माझ्या हातातल्या हवा मोजायच्या गेजकडे बघून हसला आणि म्हणाला, "तुह्या बापाले हे खेळणं कधी लागलं नाही वं पोरी. रॉड हाणला का हवा सांगे." मी त्याच्या चाकांची हवा गेजनेच बघितली, त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. भांडले नाही. पांढरकवड्यात तुमच्या कानाविरुद्ध बोलायची सोय नाही. तुम्ही जिवंत होता तेव्हा नव्हती, आता गेल्यावर तर नाहीच.

ट्रकचं मी समजू शकते. मागे जोडचाकं असतात, आतलं बसलंय की नाही ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लोखंडी रॉड हाणायचा. टन्न वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर पंक्चर. सगळे ड्रायव्हर हेच करतात, त्यात तुमची काही करामत नव्हती. पण तुम्ही तोच रॉड लोकांच्या मोटरसायकलींना लावलात, स्कूटरींना लावलात, शाळेत जाणाऱ्या पोरींच्या सायकलींनाही सोडलं नाहीत. चहा कडक, इस्त्री कडक आणि टायरही कडक, एवढंच तुमचं शास्त्र. नरम टायर दिसलं की तुमचा चेहरा घरातलं कोणी पळून गेल्यासारखा व्हायचा. लोक तुमच्याकडून दगडासारखी चाकं घेऊन, खड्ड्याखड्ड्यात उडत घरी जायचे आणि वर तुमचंच नाव घ्यायचे.

मी कॉलेजात होते तेव्हाची ती दुपार तुम्ही विसरला असाल, मी नाही. दुकानात गर्दी आहे. एक जण नवीकोरी मोटरसायकल घेऊन आलाय आणि मी कंपनीच्या पुस्तकात बघून सांगते, मागच्या चाकाला एवढीच हवा मारा, जास्त झाली तर टायर मधोमध फुगतं, रस्त्याला फक्त मधला पट्टा लागतो आणि पकड जाते. तुम्ही माझ्या हातातून गेज काढून घेता आणि पंक्चर शोधायच्या पाण्याच्या टबात टाकता. "तुले काय समजते वं? मीटर वाचून कोनी मिस्त्री होते काय?" बाकावर बसलेले सगळे हसतात. तो मोटरसायकलवालाही हसतो. मी त्या काळ्या पाण्यात हात घालून गेज शोधते आहे आणि तुम्ही त्याच्या चाकात हवा मारताय, टन्न वाजेपर्यंत. त्या दिवसापासून तुमच्या तोंडून मला एकच गोष्ट ऐकायची होती, की माझं बरोबर होतं. बक्षीस नको होतं, दुकान नको होतं. दुकान तर तसंही दुसरं कोणी घ्यायला नव्हतं म्हणून माझ्या गळ्यात पडलं.

मग आईचं झालं. भर पावसाळ्यात तुम्ही तिला मोटरसायकलवर मागे बसवून राळेगावला मावशीकडे निघालात आणि जंगलातल्या वळणावर मागचं चाक घसरून गाडी आडवी झाली. तुम्हाला खरचटलं. आईच्या मांडीचं हाड मोडलं आणि ते जुळलं ते वाकडंच. दवाखान्यात येईल त्याला तुम्ही सांगत होता, रस्ता खराब होता. मग गिट्टी होती म्हणालात, मग शेण पडलेलं होतं, मग ठेकेदाराला शिव्या दिल्यात. मी गाडी आणायला गेले तेव्हा मागचं टायर बघितलं. मधला पट्टा घासून गुळगुळीत आणि दोन्ही कडांना नव्या रबराचे केस तसेच. यापेक्षा स्पष्ट काय असतं? ते टायर तुमच्यासमोर उभं होतं आणि टायरांत जन्म घालवलेले तुम्ही रस्त्याला बोल लावत होता. आईला विचारलं तर तीही म्हणाली, "रस्ताच खराब होता वं."

तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाला विहारात बसायला जागा नव्हती. एकेक जण उठून बोलत होता. असा कान पुन्हा होणार नाही, असं एक ट्रकमालक म्हणाला. आई एकटी खुर्चीवर बसली होती, कारण तिला खाली सतरंजीवर बसता येत नाही. तिच्या पायाकडे एकानेही बघितलं नाही. मला हसू आलं, आणि लोकांना वाटलं मी रडते आहे.

आता तुमच्या नातीचं, माझ्या पोरीचं सांगते. नागपूरला नोकरी करते, स्वतःच्या पगारावर स्पोर्ट मोटरसायकल घेतली आहे, वाकून चालवायची असते ती. मागच्या आठवड्यात टायर बदलायला इथे आली, कारण तिला दक्षिणेतल्या एका रेसिंग ट्रॅकवर शिकायला जायचं होतं. अक्कल आजोबांची. मागे जाड टायर टाक म्हणाली, भारी दिसतं. मी म्हटलं, अगं, रिम आहे तेवढीच आहे, त्यात जाड टायर कोंबलं की ते चिमटल्यासारखं होतं, मध्ये उंचवटा येतो आणि वळणात वाकवल्यावर कड नीट टेकत नाही. दिसायचंच असेल तर फोटो काढ आणि घरी बस. मग म्हणाली, जास्त चालणारं टाक. जास्त चालणारं म्हणजे टणक रबर. पकड हवी तर नरम रबर, ते लवकर झिजणार, दोन्ही एकदम मिळत नाही. शेवटी कंपनीच्या मापाचंच, नरम रबराचं टाकलं, टायरवरचा बाण फिरायच्या दिशेने आहे ना ते बघून. नवीन टायर आधी निसरडं असतं, थोडं घासेपर्यंत गाडी वाकवायची नाही, हे तिच्याकडून वदवून घेतलं. सकाळी चाकं थंड असताना हवा बघितली. मागच्या चाकाला कंपनी छत्तीस पौंड हवा सांगते, ती रस्त्यासाठी. ट्रॅकवर टायर तापतं आणि आतली हवा फुगते, म्हणून मी तेहतीसवर आणली. गेज दोनदा लावून बघितलं. एक लंगडी बाई घरात आहे, दुसरी मला नको होती.

तेवढ्यात आई काठी टेकत दुकानात आली. तिने खाली वाकून चाक अंगठ्याने दाबून बघितलं आणि म्हणाली, "हं. एवढीच. तुहे बाबा माह्यासाठी एवढीच ठेवत."

मी हवेचा पाइप खाली ठेवला. "कधी ठेवत?"

"पडल्यावर. दवाखान्यातून घरी आलो, तवापासून. मी मागं बसाच्या आंधी गुपचूप दोन्ही चाकायची हवा सोडत. मले दिसू नये म्हनून पाठ करून बसत. पन सूं आवाज त येतेच ना वं."

"आणि तू कधी काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? मानूस समजला त समजला. बोलून कायले दाखवा लागते?"

बाबा, इतकी वर्षं मी तुम्हाला अडाणी समजत होते. अडाणी माणसाला समजून घेता येतं, त्याची कीव करता येते. पण तुम्हाला कळलेलं होतं. घरी आईसाठी हवा सोडायची आणि दुकानात येऊन दुसऱ्याच्या बायकोला टन्न वाजणाऱ्या चाकावर पाठवायचं. बायकोपुरतं शहाणपण! मी हातात गेज धरलं की "आली मास्तरीन" म्हणून गिऱ्हाइकांना हसवायचं, आणि सकाळीच आपण काय करून आलो ते पोटात ठेवायचं. कशासाठी, तर चार ड्रायव्हरांनी तुमच्या कानाला नावाजावं म्हणून. मला तुमची शिसारी आली. आईला तुमची माया दिसते, दिसू दे, पाय तिचा आहे. मला पाठ करून बसलेला एक भित्रा माणूस दिसतो.

हे तुम्हाला पोचणार नाही आणि मी ते कोणाला दाखवणारही नाही. लिहायला बसले ते कालच्या फोनमुळे. दुपारी ट्रॅकवरून पोरीचा फोन आला. आधी म्हणाली, "आई, पडले नाही." मग म्हणाली, "पण तू ठेवलेली हवा जास्त झाली गं. टायर तापल्यावर मागचं चाक वळणात सुटायला लागलं, मी घाबरले. सरांनी अजून तीन काढायला लावली, मग गाडी चिकटून चालली. मी तुला निघतानाच म्हटलं होतं, अजून कमी कर."

म्हटलं होतं तिने. आणि माझ्या जिभेवर सगळं तयार होतं, की त्यांचं गेज खराब असेल, तिकडचं ऊन वेगळं, तुझाच ब्रेक चुकला असेल. समोर आई बसली होती, माझ्याकडे बघत. पोरगी विचारत होती, "आई, आहेस ना?" मी पाण्याचा गिलास उचलला, दोन घोट घेतले आणि म्हटलं, "तुझं बरोबर होतं." तिने ते धड ऐकलंही नाही, जेवणात काय होतं ते सांगायला लागली.

अवघड जातं, बाबा, एवढं कबूल करते. पण तीन शब्द आहेत, आणि ते म्हटल्याने माणूस मरत नाही.