पांढरी पेटी आणि तिच्या सभोवतालचे घर

मी, खाली सही करणारा, हवामान खात्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेला, विधुर, चष्म्याने अक्षरे व चष्म्यावाचूनही लोकांच्या चुका स्वच्छ दिसणारा, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवीत आहे. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. तरीही यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत असे लिहा, असा वकीलसाहेबांचा आग्रह आहे. जे नाही ते रद्द कसे करावे, हे त्यांनी सांगितलेले नाही. असो. रद्द समजावीत.

माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हा दुसरा दाखला होय. पहिल्या डॉक्टरांनी माझा रक्तदाब एकशेवीस-ऐंशी असा लिहिला. या वयाच्या माणसाचा रक्तदाब पाठ्यपुस्तकातल्यासारखा निघाला, की आनंद मानण्यापूर्वी यंत्राची चौकशी करावी, एवढे तपासणी विभागाने मला शिकवले आहे.

"खोटं लिहिलंय असं कशावरून म्हणता, काका?" त्यांनी विचारले.

"यंत्र त्या कपाटात आहे आणि कपाटाला कुलूप आहे, यावरून," मी म्हणालो.

कलम १. माझ्या मालकीची चार पायांवर उभी असलेली, पांढऱ्या रंगाची, झडपांची एक लाकडी पेटी असून तीत तापमापक आहेत. तिच्याभोवती अंगण आहे. अंगणामागे घर आहे. इतर लोक याच मालमत्तेचे वर्णन उलट्या क्रमाने करतात व पेटीला "अडगळ" म्हणतात. नोकरीत मी दूरदूरच्या केंद्रांवरून आलेले तापमानाचे आकडे तपासत असे. घरी मी स्वतःचे तपासतो. घर बांधले त्या वर्षापासून ही पेटी खात्याचे मानसेवी केंद्र आहे. गतवर्षापर्यंत तिची जागा बदललेली नव्हती, भोवतालचे गवत बदललेले नव्हते आणि नोंद घेण्याची वेळही बदललेली नव्हती. अशा अखंड नोंदीची किंमत बाजारात शून्य असते, म्हणूनच ती कोणाला विकता येत नाही व कोणालाही मोडता येते.

तोवरच्या नोंदीत एक दोष आहे, तो मी लपवीत नाही. माझ्या दिवंगत पत्नीने एकदा धुतलेली चादर पेटीवर वाळत घातली आणि आमच्या अंगणात, संपूर्ण जिल्ह्यात एकट्या आमच्याच अंगणात, थंडीची लाट आली. "चादर महत्त्वाची की आकडा?" असे तिने मला विचारले होते. या प्रश्नाचे उत्तर मी दिले. त्यानंतर आठवडाभर घरातील चादरी मी धुतल्या. तो आकडा मी खोडलेला नाही. त्यापुढे "चादर" असा शेरा आहे.

माझ्या पश्चात ही नोंद चालू राहील की बंद पडेल, हे घर कोणाच्या हाती जाते यावर अवलंबून आहे. हे मृत्युपत्र त्यासाठीच आहे; भांडीकुंडी कोणीही न्यावीत.

कलम २. गतवर्षी मी स्टुलावरून पडून खुब्याचे हाड मोडून घेतले व रुग्णालयात दाखल झालो. घर वडिलांवाचून मोकळे झाल्याचे पाहून चिरंजिवांनी अंगणात फरशी घातली, फरशीवर मोटार उभी केली आणि पेटी गच्चीवर नेली. तेथे ती वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या पंख्यासमोर ठेवण्यात आली, कारण "तिथे ती छान मावते". तो पंखा घरातील सर्व उष्णता बाहेर फेकतो. ती सरळ पेटीत फेकली जाईल, यापेक्षा अचूक व्यवस्था खात्याच्या अभियंत्यांनाही जमली नसती.

सूनबाई दवाखान्यातून घरी आली, तेव्हा गवंडी पैसे घेऊन गेले होते. सूनबाई दंतवैद्य आहे. तिने मला रुग्णालयात फोन केला.

"बाबा, पेटी गच्चीवर गेलीये. मी खाली आणायला लावते, पण फरशीवर ठेवून उपयोग नाही ना?"

"नाही. आजचा आकडा?"

"घेतला नाही. कुठल्या जागेचा म्हणून घेऊ? रिकामं सोडलंय."

मागून चिरंजिवांचा आवाज आला. "अगं, कालचाच घाल ना. एका दिवसात काय बर्फ पडणार आहे?"

"तुम्ही घाला," ती त्यांना म्हणाली. "आणि खाली सही पण तुमचीच करा."

दुर्दैवाने चिरंजिवांनी ही सूचना मनावर घेतली. मी घरी परतलो, तेव्हा रिकाम्या जागा भरलेल्या होत्या. आकडे इतके गुळगुळीत होते, की हात फिरवावासा वाटे. एकाही आकड्याला दशांश नव्हता. मोबाईलमध्ये पाहून भरलेले ते आकडे विमानतळाचे होते. आमच्या अंगणात विमान उतरल्याचे मला आठवत नाही.

"हे कोणी केलं?" मी विचारले.

"बाबा, तुम्ही आधीच अंथरुणाला खिळलेले. रिकामं दिसलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

हे वाक्य मी येथे जसेच्या तसे नोंदवीत आहे. माझ्या मुलाने माझ्यावरील मायेपोटी घातलेली ही खोटी भर आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु तीस वर्षे ज्यांनी ज्यांनी मला खोटे आकडे पाठवले, त्यांपैकी एकानेही ते दुष्टपणाने पाठवले नव्हते. कोणाला साहेबांना खूश ठेवायचे होते, कोणाला रकाना सुंदर दिसावा असे वाटत होते. दुष्ट माणसे इतके कष्ट घेत नाहीत.

कलम ३. सबब, घर व अंगण मी माझ्या सुनेस देत आहे. अटी अशा: अंगणातील फरशी उखडावी, तेथे पुन्हा गवत लावावे, पेटी मूळच्या जागी यावी. जागा कोणती, हे शोधावे लागणार नाही. फरशीखालून पेटीच्या पायाची एक खुंटी वर आलेली आहे व मोटार तिच्यावर दोनदा घासली आहे.

हे कलम चिरंजिवांनी मसुद्यात वाचले.

"घर तिला? बाबा, मुलगा मी आहे तुमचा."

"ती नोंद तपासलेली आहे. शंका नाही."

"मग?"

"घर मला मुलालाही द्यायचं नाही आणि सुनेलाही नाही. पेटीला द्यायचंय. पेटीला सही करता येत नाही."

सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काळजी नको. राहू देईन मी तुम्हाला. गाडी मात्र रस्त्यावर."

तिला हे सर्व कोठून कळले, असे मी तिला एकदा विचारले होते. "जेवताना तुम्ही दुसरं काही बोललाय का कधी, बाबा?" ती म्हणाली. मी आठवून पाहिले. बोललेलो नाही.

कलम ४. बँकेतील ठेवी चिरंजिवांस द्याव्यात. त्यांतील रुपये घ्यावेत व सुटे पैसे सोडून द्यावेत. त्यांना दशांश आवडत नाहीत.

कलम ५. माझे तत्कालीन साहेब. एका वैराण केंद्रावरून उच्चांकी तापमान आले. तेथील निरीक्षक खरा माणूस होता. साहेबांनी विचारले, "शेजारची तीन केंद्रं काय म्हणतात?" तिन्ही केंद्रे एकमुखाने कमी सांगत होती. साहेबांनी बहुमताने उच्चांक फेटाळला. पुढे मी चौकशी केली. त्या तिघांपैकी एकाचा तापमापक फुटलेला होता, दुसरा निरीक्षक रजेवर होता आणि तिसरा या दोघांना फोन करून आकडा ठरवीत असे. साहेबांच्या नावे मी काही ठेवीत नाही. ते वारल्याचे मला कळवण्यात आले आहे. शेजारच्या तीन घरांकडून खातरजमा केली असेलच.

कलम ६. खात्यातील माझा सहकारी, ज्यास आम्ही सर्व "गोलमटोल" म्हणतो, तो शरीराने काटकुळा आहे. हे नाव त्याच्या आकड्यांवरून पडले. एकतीस पूर्णांक चार दिसले, की तो साडेएकतीस लिही. मी कागद परत करी. "अरे, एका दशांशाने कोणाला घाम फुटतो?" असे तो म्हणे. "मला," असे मी म्हणे. निवृत्तीनंतर तो रोज येथे चहाला येतो व माझ्या नोंदी पाहून हसतो. माझा सर्वांत बारीक खुणांचा तापमापक त्याला द्यावयाचा होता. परंतु साक्षीदारास मृत्युपत्राने काही देऊ नये, असे वकीलसाहेब म्हणतात. म्हणून तो मी काल त्याच्या हातात ठेवला. त्याने तो उलटा धरून पाहिला.

कलम ७. वकीलसाहेबांच्या मसुद्यातील शुद्धलेखनाच्या चुका मी सुधारल्या आहेत. त्याबद्दल त्यांनी फी कमी केलेली नाही.

कलम ८. जुने यंत्र काढण्यापूर्वी नवे त्याच्या शेजारी ठेवावे, काही काळ दोन्हींच्या नोंदी घ्याव्यात व त्यांतील फरक लिहून ठेवावा, असा आमच्या खात्याचा नियम आहे. त्यानुसार मी घरी आल्यापासून सूनबाई व मी, तूर्त व्हरांड्यालगत उभ्या केलेल्या पेटीत, एकमेकांचा आकडा न पाहता, एकाच वेळी नोंद घेत आहोत. आमच्यात सतत एका दशांशाचा फरक येतो. सूनबाईने तापमापकांकडे बोट दाखवले. मी सूनबाईकडे दाखवले. निवाडा गोलमटोलने केला.

"खुबा मोडल्यापासून तू वाकून उभा राहतोस. डोळा पाऱ्याच्या पातळीला येतच नाही तुझा. पोरगी बरोबर वाचतेय."

मी ताठ उभा राहून पाहिले. उभे राहता आले नाही. तेव्हा येथे नमूद करतो, की जुने यंत्र सरकले आहे. नव्यात दोष नाही. माझे आकडे मात्र कोणी सुधारू नयेत. फरक लिहिलेला आहे, तेवढा पुरे.

मी जाईन त्या दिवशी घरात गडबड असेल. सूनबाईने त्या दिवशी पेटीकडे गेलेच पाहिजे, असे नाही. ती जागा रिकामी ठेवावी. आदल्या दिवसावरून, शेजारच्या केंद्रावरून वा मोबाईलवरून ती भरू नये. मला वाईट वाटेल म्हणून तर मुळीच भरू नये. शेऱ्याच्या रकान्यात "निरीक्षक बदलला" एवढेच लिहावे व दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी पेटी उघडावी.

वरील मजकूर मी वाचला, दोनदा सुधारला व आता तो मला मान्य आहे.

लिहून ठेवणार: (सही)

आमच्यादेखत लिहून ठेवणाराने सही केली व त्याच्यादेखत आम्ही केली:

साक्षीदार १: (सही) गोलमटोल
साक्षीदार २: (सही) दुसरे डॉक्टर, ज्यांनी यंत्र लावले

स्थळ: राहते घर, अंगणाकडील व्हरांडा
दिनांक: चौदा मार्च
वेळ: "अंदाजे बारा", असे साक्षीदार १ यांनी लिहिले आहे. खोडलेले नाही.
तापमान: २९.३ (लिहून ठेवणार), २९.२ (सूनबाई). दुसरा ग्राह्य धरावा.