ती ओळ गिरवू नकोस

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठ्ठीच ती, आणि तीही बॉलपेनने लिहिलेली! सतरा वर्षं बॉलपेनच्या कारखान्यात काढलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा नव्हतीच म्हणा. तू लिहितोस, की तू चौकट करून भिंतीवर लावलेली बाबांची ती शेवटची ओळ तांबूस पडत चाललीय, काही अक्षरं तर पुसटच झालीत, म्हणून येत्या रविवारी तू ती गिरवणार आहेस. बाबा कोणती तपकिरी शाई वापरायचे तेवढं कळव, म्हणतोस. कळवते. पण हे पत्र पूर्ण वाचून होईपर्यंत त्या कागदाला पेन लावू नकोस. वाचल्यावर कदाचित तुला ती ओळही नको होईल आणि मीही. त्यातल्या दुसऱ्या गोष्टीचीच मला भीती आहे, म्हणून चार दिवस हे पत्र लिहायचं टाळत होते.

आधी शाईचं बोलते, ते मला सोपं जातं. तपकिरी शाई निवडणं हे निळ्या-काळ्याइतकं सरळ काम नाही. आपल्या पेनांच्या दुकानात माझ्या फळीवर सध्या पाच बाटल्या आहेत आणि पाचही स्वतःला तपकिरीच म्हणवतात. एक विटेच्या अंगाने जाते, एक पिवळट, एक इतकी गडद की उजेडात धरल्याशिवाय काळीच वाटावी. परवा एक वकीलबाई आल्या, त्यांना कॉफीच्या रंगाची हवी होती. दूध घातलेल्या की बिनदुधाच्या, असं मी विचारलं तर त्यांना राग आला, आणि शेवटी नेली ती विटेचीच. बाटलीवर, झाकणावर कधी जाऊ नये. काडी बुडवून आपल्या नेहमीच्या कागदावर रेघ ओढायची, चहा पिऊन यायचं आणि मग बघायचं. ओली असताना सगळ्याच छान दिसतात. बारीक निबेला गडद घ्यावी, नाहीतर अक्षर आजारी दिसतं. रुंद निबेला फिकी चालते, रेघेच्या शेवटी रंग साचतो तो उलट सुंदर दिसतो. आणि तपकिरी हा मुळात एक रंग नसतोच. लाल, पिवळा, काळा असे दोन-तीन मिळून तो होतो, आणि उजेडात सगळे सारख्या वेगाने उडत नाहीत. तुझ्या खोलीत सकाळचं ऊन थेट त्या भिंतीवर येतं. त्या ओळीतला काळा गेला, तांबूस मागे राहिला, एवढंच झालंय.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बाबांनी आयुष्यात कधी तपकिरी शाई वापरली नाही. दुरुस्त झालेलं प्रत्येक पेन ते गिऱ्हाइकाला देण्याआधी वहीत एक ओळ लिहून तपासायचे, तुला आठवत असेल. मनात येईल ते लिहायचे. आज पंखा बंद. शिंपी पुन्हा निब वाकवून घेऊन आला. डोकं दुखतंय. हजारो ओळी, आणि सगळ्या निळ्या-काळ्या शाईत, तीही पाणी घालून वाढवलेली! ती जुन्या पद्धतीची शाई, तिच्यात लोह असतं. वर्षं गेली की निळं उडतं आणि मागे उरलेलं तपकिरी पडतं. तू वही पाहिलीस तेव्हा बाबांनी काम सोडून सहा वर्षं झाली होती आणि वही खिडकीच्या फळीवर उन्हात पडून होती. तुला वाटलं, ते तपकिरीतच लिहायचे. पेनवाल्याचा मुलगा असून तुला हे कळलं नाही, याचं तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

मला बरं का वाटलं, ते सांगते. बाबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी तू आलास. बॅग हातात घेऊन समोरच्या फुटपाथवर उभा राहिलास, मग रस्ता ओलांडून पायरीपर्यंत आलास आणि तिथेच थांबलास. तू बॉलपेनच्या कारखान्यात नोकरी धरलीस तेव्हा बाबांनी तुला या दुकानाची पायरी चढायची नाही म्हणून सांगितलं होतं, आणि तू त्यांच्यासारखाच हट्टी, ते गेल्यावरही चढायला तयार नाहीस. मी हात धरून ओढलं, रडले, शिव्यासुद्धा दिल्या. ज्यांनी बंदी घातली त्यांनीच उठवायला हवी, असलं काहीतरी तू बोललास आणि मित्राकडे उतरायला निघून गेलास. दुसऱ्या दिवशी संध्याकाळची तुझी गाडी होती. मला कळून चुकलं की आत्ता गेलास की संपलं.

त्या दुपारी मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि बसले. ताजी निळी-काळी शाई कागदावर ताजीच दिसली असती, म्हणून तपकिरी घेतली. गडद शाईचे चार थेंब, विटेचा एक, आणि सुईच्या टोकावर येईल एवढी काळी. नऊ वेळा मिसळली तेव्हा वहीतल्या आधीच्या ओळींशी जुळली. गिऱ्हाइकांच्या पाकिटांवर बाबांच्या नावाने, त्यांच्याच वळणात मीच लिहायचे, त्यामुळे त्यांचं अक्षर माझ्या हातात होतं. शेवटी शेवटी त्यांचा हात थरथरायचा, म्हणून मीही थरथरवला. याची मला आजही लाज वाटते. लिहिलं, पोरगा आला तर त्याला आत बोलवा, माझा राग गेला. सकाळी निरोप पाठवून तुला बोलावलं आणि ती वही पायरीखालीच उभं राहून वाचायला दिली. तू वाचलीस आणि चढलास. दुकानात येऊन बाबांच्या स्टुलावर बसून एवढा रडलास की समोरचा औषधवाला बघायला आला.

खरं काय ते विचारशील. बाबा तुझ्याबद्दल काहीच बोलले नाहीत. शेवटच्या महिन्यात मी दोनदा तुझा विषय काढला, तर पहिल्यांदा चष्मा पुसत बसले आणि दुसऱ्यांदा पाणी मागितलं. त्याचा अर्थ मला लागला नाही आणि मी तो लावायलाही जाणार नाही. एकदा त्यांच्या तोंडी शब्द घातले, तेवढं पुरे.

तुला एका बाटलीचं नाव कळवून मी गप्प बसू शकले असते. तू रविवारी ओळ गिरवली असतीस, ती आणखी पंचवीस वर्षं टिकली असती, आणि दर वर्षी इथे आलास की नेहमीसारखा बाबांच्या फोटोपुढे उभा राहून म्हणाला असतास, की तुम्ही आत घेतलंत म्हणून मी आलो. अकरा वर्षं हे मी पाठीमागे उभी राहून ऐकते आहे. पहिल्या वर्षी बरं वाटलं. आता संताप येतो, खरंच सांगते. दुकान त्यांनी जायच्या दोन वर्षं आधीच माझ्या नावावर केलं होतं, धाकट्या. ती पायरी तेव्हा माझी होती, बंदी उठवायची तर मीच उठवायची होती, पण माझ्या शब्दाला तू किंमत देशील असं मला वाटलं नाही म्हणून त्यांचं अक्षर काढलं. त्यांचा राग गेला होता की नाही, मला माहीत नाही. तुला आत मी बोलावलं. पुढच्या वेळी यायचं असेल, तर माझ्यासाठी ये.

तुझीच,
ताई