हाकेला ओ

प्रिय ताई,

फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस, मधेच हसवतेस, म्हणून लिहायला बसले. इकडे मेडशीला सगळं ठीक आहे असं मी दरवेळी सांगते, ते खरं नाही. चंदा आजारी आहे आणि तो आजार तिला माझ्याकडून लागला आहे.

आपला धाकटा भाऊ गोविंदा शेतातल्या विहिरीत बुडून गेला, त्यानंतरची आई आठव. सोयाबीन निंदताना ती सारखी हाका मारायची आणि आपण धुऱ्या-बांधावर कुठेही असलो तरी ओ द्यायचाच. तू मुद्दाम गप्प बसायचीस आणि मार खायचीस. मी तिने हाक मारायच्या आधीच ओ द्यायचे. शहाणी पोर म्हणून गावभर माझं कौतुक. रात्री छाती धडधडायची, ते कुणाला सांगितलं नाही.

माझ्या लेकराला मी असं करणार नाही, हे चंदा पोटात असतानाच ठरवलं होतं. ती चालायला लागली आणि माझ्याही हाका आपोआप सुरू झाल्या. शेतात, अंगणात, ती न्हाणीत असली तरी.

आता ती वर्गात कुणी न बोलावता मधेच ओ देते. पोरं हसतात. गुरुजी म्हणाले, मुलगी दिवसभर खिडकीकडे कान लावून असते, पाणी प्यायलासुद्धा उठत नाही. मागच्या आठवड्यात तिचा घसा बसला, आवाजच फुटेना. तर ताट घेऊन दुपारभर चमच्याने वाजवत बसली. मी वैतागून ताट हिसकावलं. तेव्हा कसंबसं कुजबुजली, "आई, आता तुले कसं समजन, मी जित्ती हाओ म्हून?" ताई, मला तिथेच हंबरडा फोडावासा वाटला. ती घाबरेल म्हणून तोही फोडला नाही.

रविवारी तिचे बाबा तिला अनसिंगला तुझ्याकडे आणून सोडतील. तिथल्या शाळेत नाव घाल. तुझी पोरं दिवसभर उंडारतात आणि तू त्यांना जेवायलासुद्धा शोधत नाहीस, याचा मला आजवर रागच यायचा. तिला त्यांच्यात सोडून दे. मी मला ओळखते. चार दिवसांत एसटीने येऊन तुझ्या दारात उभी राहीन, रडेन, पाया पडेन, तुला नको नको ते बोलेन. काही झालं तरी पोर माझ्या हवाली करू नकोस.

तुझीच,
साधना