वरच्याची ओल

२ फेब्रुवारी, रविवार
ठरलं. डोंबिवलीचा फ्लॅट विकायचा आणि ठाण्याला लेकीच्या, संचिताच्या जवळ जायचं. नात रांगायला लागलीय, हिला आता लेकीपासून लांब राहवत नाही. ब्रोकर महेंद्र येऊन गेला. बेडरूमची भिंत बघून म्हणाला, काका, आधी ही ओल घालवा, नाहीतर पार्टी दारातूनच परत जाईल.
ओल माझी नाहीच. वरच्या कुंडलिकच्या बाथरूमची आहे. नॉमिनी म्हणजे मालक का, बिल्डिंगला ओसी, म्हणजे भोगवटा दाखला, नसेल तर काय, कार्पेट एरिया कसा मोजायचा, सोसायटीच्या ग्रुपवर सगळे मलाच विचारतात. लीकेजचा नियम मला कोणी शिकवू नये.

५ फेब्रुवारी
कुंडलिकला झापलं. म्हणाला, माझ्याकडे कुठेच गळत नाही, वर येऊन बघून जा. गेलो नाही. असल्या माणसाच्या घरात मी पाऊल ठेवत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
आज पाण्याचा शटडाऊन. आणि भिंत सुकायला लागली! कुंडलिकची आंघोळ नाही तर ओल नाही. आणखी काय पुरावा पाहिजे? आधीचा ओला आणि आजचा, दोन्ही फोटो ग्रुपवर टाकले.
आमचीही माळ्यावरची टाकी आज भरली नाही, बादलीवर भागवलं. ती टाकी मी स्वतः बसवली, प्लंबरशिवाय. इथे पाणी सकाळी थोडा वेळ येतं, टाकीशिवाय संसार होत नाही.

९ फेब्रुवारी
ही म्हणते, ओल माळ्याच्या खाली आहे, वर कोरडं आहे, एकदा टाकी बघा. मी म्हटलं, पाणी वरूनच खाली येतं.

१७ फेब्रुवारी
कुंडलिक आणि शांताबाई लग्नासाठी गावी गेलेत. पाण्याचा कॉक बंद करून गेले, घराची चावी सेक्रेटरीकडे. ओल मात्र दुप्पट. जाताना मुद्दाम काहीतरी करून गेला असणार. स्लॅबमध्ये पाणी साठून राहतं आणि मागाहून झिरपतं, हे ग्रुपवर सविस्तर लिहिलं. कोणी उत्तर दिलं नाही. पटलेलं दिसतंय.

२४ फेब्रुवारी
गावाहून आल्या आल्या जिन्यातच गाठला. बेशरम म्हटलं, अजूनही बरंच म्हटलं. शांताबाई दारात उभ्या राहून रडत होत्या. रडू देत. शेवटी म्हणाला, हिचं बीपी वाढलंय, मला रोजची कटकट नको, अख्खं बाथरूम फोडून नवीन करतो.
जिंकलो!

८ मार्च
वर काम जोरात. आता घरात पाऊल ठेवणं भागच होतं, लक्ष कोण ठेवणार? तो पांढऱ्या टाइल्स लावणार होता. माणसाला टेस्ट नाही. फिकट हिरव्या मी निवडल्या. वॉटरप्रूफिंग दोनदा करायला लावलं.

१५ मार्च
वरचं काम झालं. आमची ओल आहे तशीच. जुनी ओल आहे, सुकायला वेळ लागणारच. वरून डिस्टेंपर मारला.

१६ मार्च, रविवार
महेंद्रने पार्टी आणली. ऋतुराज आणि प्राची, कळव्याचं जोडपं. प्राचीने भिंतीला हात लावला, डिस्टेंपर हाताला आला. मी डगमगलो नाही. म्हटलं, आजाराचं मूळ कायमचं काढलंय, चला दाखवतो, आणि दोघांना स्वतः वर घेऊन गेलो. बाथरूम बघून प्राची खूश. टाइल्स कोणी निवडल्या, विचारलं. मी म्हटलं, मीच. कुंडलिकने चहा दिला. मी उठलो तरी ते दोघं बराच वेळ वरच होते.
डील झालंच समजायचं. हिला सामान बांधायला सांगितलं.

२३ मार्च
महेंद्रचा फोन. पार्टी वरचा फ्लॅट घेतेय. कुंडलिक आता गावीच राहणार. म्हणाला म्हणे, या माणसाच्या डोक्यावर राहण्यात आयुष्य घालवायचं नाही.
विश्वासघात. माझ्या टाइल्स दाखवून विकतोय.

६ एप्रिल
ही स्टूलवर चढली, माळ्यावर टॉर्च मारला. बसवताना पाइपसाठी मी भोक पाडलं होतं तिथेच टाकीला चीर गेलीय, धार लागलीय. ही एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर उत्तर तयार होतं.

३० एप्रिल, अक्षय तृतीया
वर ऋतुराज-प्राची राहायला आले. टाकी भंगारात दिली. भिंत खडखडीत कोरडी. तरी गिऱ्हाईक नाही. महेंद्र म्हणतो, काका, तुमचे लीकेजचे फोटो डोंबिवलीतल्या सगळ्या ब्रोकरांकडे पोचलेत.
ही ठाण्याला गेलीय, संचिताकडे. किती दिवसांसाठी, विचारलं. म्हणाली, बघू. बांधलेलं सामान सगळं घेऊन गेली.
सकाळी पाणी आलंच नाही, आणि टाकी नाही. प्राचीने निरोप पाठवला, काका, आमच्याकडे टाकी भरलेली आहे, आंघोळीला वर या. टॉवेल घेऊन गेलो. हिरव्या टाइल्स छान दिसतात. आंघोळ झाल्यावरही बराच वेळ उभा राहिलो, कोपरान् कोपरा तपासला.
कुंडलिकराव म्हणाले होते, वर येऊन बघून जा. बघितलं. कुठेच गळत नाही.