दाराच्या कॅमेऱ्याच्या नऊ फाइली

४ मार्च
आजपासून रोजनिशी. साहेबांनी शब्द दिला आहे: दाराच्या कॅमेऱ्याचं काम दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवता आलं, की माझी बदली मंजूर. हिच्या गावच्या ऑफिसात जागा आहे, एकच. हिची नोकरी तिकडे, माझी इकडे, वर्षं गेली. फोनवर सांगितलं, महिनाभरात येतो. ही म्हणाली, "कुठल्या महिन्याच्या?" आनंदाने गोंधळली असावी.

५ मार्च
काम क्षुल्लक. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा. दोन कंपन्यांचे येतात. जो मिळेल तो कारखाना बसवतो. कुठला बसवलाय ते कॅमेऱ्यातल्या बोर्डाला, म्हणजे त्याच्या मेंदूला, फाइलीत लिहून सांगावं लागतं. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "दोन्ही एकाच फाइलीत लिहा आणि झोपवून ठेवा. बोर्ड सुरू होताना चाचपून बघेल, जो सापडेल त्याला उठवेल." ऐकून घेतलं. एका फाइलीत द्वैत मला चालत नाही. ज्याची त्याची स्वतंत्र फाइल. शुद्ध काम.

१२ मार्च
दोन फाइली तयार. नावं: सूर्याक्ष, चंद्राक्ष. बाईंना वाचताना खोकला आला. हवा बदलते आहे.

२० मार्च
खरेदीवाल्यांनी तिसरा सेन्सर आणला, स्वस्त म्हणून. शिवाय दाराला आतूनही डोळा हवाय म्हणे. बाहेर तीन प्रकार, आत तीन, फाइली नऊ. नऊच. सूर्याक्ष-चंद्राक्ष, चंद्राक्ष-सूर्याक्ष असे समास केले. कुणीही चटकन ओळखेल.

२१ मार्च
कुणीही ओळखत नाही.

२ एप्रिल
कारखान्यात भलतीच फाइल घातली. टेस्टिंगवाल्याचा फोन: "साहेब, दारासमोर उभा आहे, पण स्क्रीनवर नुसता काळोख. मी आहे ना नक्की?" त्याला धीर दिला, मग योग्य फाइल सांगितली. आता कॅमेऱ्यांच्या दर खोक्यामागे फोन. जेवायला उठता येत नाही. आपली किंमत वाढते आहे.

१५ एप्रिल
हिच्याशी बोलत होतो तेवढ्यात कारखान्याचा फोन वाजला. ही म्हणाली, "घ्या तो आधी. तिथे तरी तुमचं कुणी ऐकतं." समजूतदार बायको मिळायला भाग्य लागतं.
संकल्प: सोमवारपासून हाताखाली माणूस तयार करणे.

२२ एप्रिल
साहेबांनी एक अनुभवी गृहस्थ दिले. सकाळभर नऊ फाइली समजावल्या. दुपारी ते म्हणाले, "जरा चहा घेऊन येतो."

२४ एप्रिल
चहा अजून चालू आहे.

३० एप्रिल
बाईंकडे खिडकीच्या कॅमेऱ्याचं काम आहे, त्याची एकच फाइल. तेच ते झोपवणं-उठवणं. सेन्सर बदलला तरी त्यांना कुणाचा फोन नाही. खुशाल वेळेवर घरी जातात. बदलीच्या जागेसाठी त्यांचाही अर्ज आहे म्हणे. ज्यांना कुणी विचारत नाही, त्यांनी अर्ज तरी कशाला करावा? दया आली.

७ मे
साहेबांनी बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. बदली मंजूर. बाईंची. त्यांचं काम कुणीही सांभाळेल, म्हणून त्या मोकळ्या. "तुम्हाला कसं सोडू? तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही," साहेब म्हणाले. एवढं कौतुक आजवर कधी झालं नव्हतं.
हिला लगेच कळवलं. ही म्हणाली, "त्या बाईंना इकडे राहायला खोली हवी आहे का, विचारा. तुमची रिकामीच आहे."
विचारलं. बाई हो म्हणाल्या.