गुणाजीची करवंटी

१२ नोव्हेंबर १९६१
दारूबंदी, म्हणून प्यायला हौसाबाईची मागली पडवी. आज जरा उजवीकडे सरकलो तर ओरडली, "मास्तरानू, खंय सरकतास? थंय गुणाजी बसता!"

शिमग्याआधी गुणाजीची होडी उपडी सापडली. तो नाही. इथे प्रत्येकाची आपली करवंटी, तिच्यातूनच फेणी प्यायची. माणूस मेला की ती फोडतात — नाहीतर तो यायचा थांबत नाही, म्हणे. गुणाजीची अजून फळीवर आहे. हौसाबाई रोज तिच्यात घोटभर ओतते. सकाळी कोरडी!

मांजर असेल, मी म्हणालो.

१९ नोव्हेंबर
गुणाजीच्या थोरल्या भावाला, दत्तारामाला, मासळी लागत नाही. "तो माझ्या जाळ्यात येऊन बसता. फोडूया करटी. सुटांदे एकदाचो."
रोजचा गिऱ्हाईक धोंडू म्हणाला, "जित्तेपणी कधी सरळ घराक गेलो नाय. आता खंय जातलो?"
सगळे हसले. उजवीकडूनही कोणी हसल्यासारखं वाटलं.

२० नोव्हेंबर
गेलो नाही. घरीही उजवी बाजू मोकळी ठेवून बसलो.

३ डिसेंबर
गुणाजीची बायको हिरा पडवीत आली! गिऱ्हाइकाची बायको तिथे कधी येत नाही. कपाळावर कुंकू तसंच. दत्तारामाला म्हणाली, "फोडू नका. करटी फुटली तर माझो घो मेलो."
"मेलोच आसा गो."
"मगे रोज पिता कोण?"

७ डिसेंबर, अमावास्या
फोडली. दत्तारामाने दगडावर आपटली, फुटेना. मग मी धरली, त्याने कोयत्याने फोडली. तुकडे समुद्रात.

हिराने कुंकू पुसलं. रडली नाही.

१४ डिसेंबर
दत्तारामाला बांगडा — जाळं भरून! माझ्या उजवीकडे आता धोंडू बसतो.

२३ डिसेंबर
गोवा सुटला. तिकडचे तुरुंग उघडले. तिन्हीसांजेला गुणाजी पडवीत आला. दाढी आणि हाडं. गोव्याहून आणताना पोर्तुगीजांनी फेणीसकट पकडलं, होडी तशीच वाहत गेली, म्हणाला.
हौसाबाई म्हणाली, "आधी पाय दाखय."
दाखवले. सरळ होते. तरी धोंडू त्याच्या जागेवरून हलला नाही. मीही नाही. गुणाजीने फळीकडे पाहिलं आणि घरी निघाला. मी मागोमाग गेलो.

"हिरा, मी आसंय गो. दार उघड."
आतून तिचा आवाज, अगदी शांत —
"तुमची करटी फोडली. आता तरी जावा."