रजेच्या अर्जाचा शब्द

मंगळवार, संध्याकाळ. कुपवाड.

लेथ मशीनवर काम करणाऱ्यांच्या ऑनलाइन चर्चागटावर मी प्रत्येक पोस्टखाली ‘आपला आज्ञाधारक, संदीप’ असं लिहायचो. नववीत शाळा सुटली, तोवर रजेच्या अर्जाखाली हेच लिहीत आलो. मला ते चुकीचं वाटलंच नाही. काल एकाने विचारलं, ‘रजा पायजे का गड्या? जा, मंजूर.’ खाली सगळे हसले.

आज दुसरा शब्द शोधत बसलो. ‘आपला विश्वासू’? तो बँकेला शोभतो. ‘तुमचाच’? छे. शेवटी काहीच न लिहिता नुसता प्रश्न टाकला.

माझ्या प्रश्नाला पहिलं उत्तर दहिवडीच्या आबांचं असतं. त्यांना मी कधी पाहिलेलं नाही, पण बोल्टवर आटे पाडायला त्यांनीच शिकवलं. आज तासाभराने त्यांनी लिहिलं, ‘खाली तुझं ते आज्ञाधारक न्हाई आज. माझ्यावर रागावलास व्हय रं?’

‘नाही आबा’ एवढं लिहून थांबलोय. खाली आज्ञाधारक लिहिलं तर गटावरचे पुन्हा हसतील. नाही लिहिलं तर आबांना काय वाटेल? त्यांचं तर मी खरंच ऐकतो. मग कालच्या हसण्याने तो शब्द खोटा कसा झाला?

अजून पाठवलेलं नाही. आबा वाट बघत असतील.